पायाचे हाड जबड्याला

भोपाळच्या टी. टी. नगरात राहणाऱ्या माझ्या थोरल्या बंधूंना तंबाखूपायी खालच्या जबड्याचा कर्करोग झाला. तेवढा जबडा काढून तेथे त्यांचेच हाड बसवावयाचे ठरले.

"पण कोठले?" वहिनींनी विचारले.

डॉक्टर म्हणाले, "लहान तुकड्यास कमरेचे हाड पुरते. येथे लांब तुकडा हवा, आणि तो जिवंत राहण्यासाठी स्वतःच्या रक्तवाहिनीसह हवा. म्हणून पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड घेऊ." १९८९ साली न्यूयॉर्कच्या डॉ. हिडाल्गो यांनी जबड्यासाठी ही रीत मांडली होती.

"मी चालेन ना?" दादांचा प्रश्न.

"शरीराचा बहुतेक भार शेजारचे जाड हाड वाहते. शिवाय गुडघ्याजवळचा व घोट्याजवळचा भाग आम्ही राखतो." मग पायांच्या रक्तवाहिन्या तपासूनच त्यांनी पाय निवडला.

आज दादा काठी टेकीत बाजारात जातात, मऊ भात जेवतात. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी प्रथम अडखळत माझे नाव घेतले, त्या रात्री मी माझी चंची चुलीत टाकली. वाचकहो, तुमच्या कनवटीस ती असेल, तर हाड निवडण्याची वेळ येऊ देऊ नका.