काळजाची झडप उघडताना पाहिली!

काळीज दिसतं! जिवंत, धडधडतं काळीज पडद्यावर दिसतं, आणि हे मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही? मेडशीहून पातूरचा घाट उतरून आबांना अकोल्याच्या हृदयरोगतज्ज्ञ मॅडमकडे नेताना माझ्या डोक्यात नुसता स्टेंट आणि बिल. मॅडमनी आबांना डाव्या कुशीवर वळवलं, छातीला गार जेल लावून प्रोब टेकवला, आणि पडद्यावर चार कप्पे हलायला लागले. मधे दोन नाजूक पाकळ्या उघडतायत, मिटतायत. एक बटण दाबलं, तर रक्ताला रंग चढला! प्रोबकडे येणारं लाल, दूर जाणारं निळं. सुई नाही, क्ष-किरण नाही. सारं काम कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाचं. १९५३ साली स्वीडनमध्ये डॉक्टर एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी जहाजाच्या कारखान्यातलं, धातूतल्या भेगा शोधायचं यंत्र उसनं आणून या तपासणीची, म्हणजे इकोची, सुरुवात केली. उसनं!

पुढे अँजिओग्राफीत हृदयाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या. दुखणं स्नायूचं होतं. दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं निम्म्याहून जास्त रक्त बाहेर पडायला हवं. आबांचं पडत होतं जेमतेम ३० टक्के. आणि यावर गोळी कसली, तर ठोके मंद करणारी! आधीच थकलेल्या हृदयाला आणखी मंद? मॅडम हसल्या. एकेकाळी डॉक्टरही हेच म्हणायचे, अशा रुग्णाला ही गोळी द्यायचीच नाही. १९७५ मध्ये गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी देऊन पाहिली, आणि नव्वदच्या दशकातल्या मोठ्या चाचण्यांनी तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. संकट समजून शरीर हृदयाला सतत चाबूक मारत असतं. ही गोळी तो चाबूक काढून घेते. मात्र सुरुवात अगदी कमी डोसने. मग नाडी आणि बीपी पाहत, दोन-दोन आठवड्यांनी थोडा थोडा वाढवायचा.

म्हणजे हृदयाच्या डॉक्टरचं खरं काम हे असं, सावकाश चालणारं! रोज सकाळी परसाकडून आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं आणि वहीत लिहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, साठलेलं पाणी. लगेच फोन करायचा. नडगीवर अंगठा दाबून धरायचा, खळगा राहिला तर सूज. लोणचं, पापड, कुरडया बंद.

"पापडबी नाही? मंग जेवू कशाले?" आबा.

"जेवा हो, ठेच्यात मीठ तेवढं कमी टाका," मॅडम.

काही महिन्यांनी पुन्हा इको केला: ४२ टक्के! डाव्या कप्प्याची तीच भिंत, पण आता जोरात आत येणारी. मलासुद्धा फरक दिसला! आबांनी लगेच विचारलं, "मंग गोळ्या बंद?" मॅडमनी ठाम नाही म्हटलं आणि एक गोळी उलट वाढवलीच. आबा घाटभर फुरंगटून बसले होते. मी मात्र आता गावात कुणी "चाललं की दम लागते" म्हटलं की आधी त्याची नडगी दाबून पाहतो, आणि खळगा राहो न राहो, त्याला डॉक्टरकडे पिटाळतो.