फॉरमॅट मारूया की ओ साहेब!

बँकेतल्या आठवणी बऱ्याच लिहून झाल्या, आज जरा वेगळी. १९९९ सालची.

बेळगुंदीत एका छोट्या पतसंस्थेचे हिशेब मी रविवारी बघून द्यायचो. त्यांचा जुना ४८६ संगणक बंद पडला. नवीन मशीन आणलं, पण पैसे वाचवायला हार्ड डिस्क जुनीच, ५४० एमबीची. तीवर विंडोज ९८ घालायचं होतं. सेटअपच्या आधी स्कॅनडिस्क चालतं, त्यात चुकांची ही भली मोठी रांग! आणि वर विचारतंय, दुरुस्त करू का? बेळगावहून आलेला मुलगा म्हणाला, "डिस्क गेली ओ साहेब. फॉरमॅट मारूया की."

शेवटचा बॅकअप तीन महिन्यांपूर्वीचा. मधल्या काळात रताळ्याच्या लावणीसाठी उचललेली कर्जं, बायकांच्या ठेवी... सगळं त्या डिस्कवर. म्हटलं, थांब बाबा, 'एस' दाबू नकोस.

गंमत अशी की फाईलींची नावं बरोबर दिसत होती, उघडली की कचरा. मी कॉमर्सवाला. अनुक्रमणिका बरोबर आणि पान चुकीचं लागतंय, म्हणजे खातेवही फाटलेली नाही, पानं मोजायची रीत बदललीय!

झालंही तसंच होतं. तेव्हा डिस्कवरची जागा सिलिंडर, हेड, सेक्टर अशा तीन आकड्यांनी सांगायचे. डिस्कवरच्या चिठ्ठीवर होतं १०४६, १६, ६३. तिन्हींचा गुणाकार करून ५१२ बाइटने गुणा, ५४० एमबी येतात. जुनं बायोस १०२४ सिलिंडरपुढे मोजत नसे. नवीन मशीन 'एलबीए' पद्धतीत सिलिंडर निम्मे नि हेड दुप्पट धरत होतं, ५२३ आणि ३२. गुणाकार तोच, पण 'सिलिंडर ५, हेड ३' म्हटलं की दोघं वेगवेगळ्या जागी जाणार. सुरुवातीचा भाग तेवढा दोन्हींत जुळतो, म्हणून नावं शाबूत.

बायोसमध्ये जाऊन 'एलबीए'चं 'नॉर्मल' केलं. खाती उघडली! चेअरमन शेजारीच उभे होते, ते मटकन खुर्चीतच बसले. आधी सगळं फ्लॉप्यांवर उतरवलं, छापील खतावणीशी ताळा घेतला. मग परत एलबीए लावून, नव्याने पार्टिशन करून विंडोज घातलं. फॉरमॅट शेवटी मारलंच, पण कधी ते महत्त्वाचं!

त्या पोराने नंतर कॅबिनेटच्या आत खडूने ते तीन आकडे लिहून ठेवले.