कुंपणापलीकडची धाव

वाशीम जिल्ह्यात सर्पमित्र म्हणून वावरताना विहिरीत पडलेल्या नागाला वर काढणे, जाळ्यात गुरफटलेल्या धामणीची सोडवणूक करणे आणि त्याची वर्दी वनखात्यास देणे ही कामे माझ्या अंगवळणी पडली होती. परंतु एका ऑक्टोबरात, सोयाबीनची सोंगणी ऐन भरात असता, कारंजा-मंगरुळपीर रस्त्यावर डुलत डुलत पाऊल टाकणारी घोयरा सरड्याची मादी मी उचलली, आणि शुश्रूषेच्या विद्येतील माझे अज्ञान तिने मला दाखविले.

तिचा मागचा पाय खरचटला होता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने या प्राण्यास अभय दिले असल्यामुळे तो पाळण्याची मुभा कोणासही नाही. सबब वनाधिकाऱ्यांच्या संमतीने, जखम भरेपर्यंतच तिचा ताबा मजकडे राहिला. परंतु ताब्याला मुदत असते, तशी ती लोभाला घालता येत नाही. दोन डोळे दोन दिशांना फिरवीत, देहाहून लांब जीभ क्षणार्धात फेकून ती नाकतोडा टिपी आणि वाटीतील पाण्याकडे न पाहता पानांवर शिंपडलेले थेंब चाटी, तेव्हा घरातील मुले श्वास रोखून पाहत असत.

सहाव्या दिवसापासून ती फांदी सोडून खाली उतरू लागली, पेटीच्या लाकडी तळावर नखे घासू लागली. पायात बळ आले अशा समजुतीने मी नोंदवहीत ‘सुधारणा’ हा शेरा लिहिला. तिचे अंग काळवंडत होते, तेही सरड्याचा स्वभाव म्हणून सोडून दिले. वास्तविक तिचा रंग भोवतालाची नक्कल करण्यापेक्षा ऊब, प्रकाश, भय आणि व्याधी यांचेच निवेदन करीत असतो. नवव्या दिवशी पहाटे ती तळाशी निश्चल आढळली.

पंचनामा झाला, पशुवैद्यकांनी शवविच्छेदन केले, आणि उदरात पूर्ण वाढलेली अंडी निघाली. वृक्षवासी असूनही घोयऱ्याची मादी प्रसवकाळी जमिनीवर उतरते, ओलसर मातीत बीळ खणते, त्यात अंडी घालून वर माती लोटते आणि निघून जाते. तशी जागा न मिळाल्यास अंडी अडतात व तिचा प्राण घेतात. रस्ता ती ओलांडीत होती ती मातीच्या शोधार्थ, आणि मी तिला मातीखेरीज सर्व काही दिले होते.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण म्हणतो. ती तर कुंपण मागे टाकून डांबरावर उतरली होती. तिची धाव माझ्या पेटीत संपली, हे शल्य कित्येक रात्री मला निजू देत नव्हते. ज्या जिवावर आपला हक्क नाही, त्याचा शोक कोणत्या नात्याने करावा, हेही उमगत नव्हते.

अखेर मी नोंदवही उघडली. ‘सुधारणा’ हा शेरा न खोडता त्याखाली त्या हालचालीचा खरा अर्थ लिहिला आणि ‘रंग’ हा नवा रकाना आखला. आता जखमी मादी आली की पेटीत प्रथम वीतभर ओली माती पडते. धडधाकट असलेली मी घरी आणीतच नाही. रस्त्यावरून उचलतो, आणि तिचे तोंड ज्या दिशेस असेल, त्याच बाजूच्या बांधावर सोडतो.