अनुभवाची उजळणी

ज्याने दहा-बारा वर्षं मोठ्या सिस्टीम बांधल्या, रात्री-अपरात्री उठून चालत्या ठेवल्या, त्याने मुलाखतीसाठी वेगळी तयारी का करावी? हा प्रश्न मी कित्येक वर्षं तावातावाने विचारत आले. तयारी करावी ती कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांनी, कारण त्यांच्याकडे दाखवायला दुसरं फारसं काही नसतं. सीनियर माणसाचं काम हीच त्याची तयारी. त्याला समोर बसवावं, तासभर मोकळ्या गप्पा माराव्यात. जाणकाराला जाणकार ओळखू येतोच. पुण्यात हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांच्या कँटीनमध्ये असं म्हणणारी मी काही एकटी नव्हते.

२०१५ मध्ये या मताला मोठं बळ मिळालं. ‘होमब्रू’ हे सॉफ्टवेअर लिहिणारे मॅक्स हॉवेल यांना गूगलने मुलाखतीनंतर नकार दिला. तुमचे बहुतेक इंजिनीअर मी लिहिलेलं सॉफ्टवेअर वापरतात आणि मला फळ्यावर बायनरी ट्री उलटं करता आलं नाही म्हणून तुम्ही नाकारता, अशा आशयाचं त्यांचं ट्वीट जगभर फिरलं. आमच्या टीममध्येही फिरलं. ते वाचून मला जो राग आला तो खरा होता आणि आजही त्यातला बराचसा मला योग्य वाटतो. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी मुलांचा अभ्यास, रात्री आईची औषधं आणि त्यानंतर अकरा वाजता लीटकोडवर कोडिंगचे प्रश्न सोडवत बसायचं, हे सगळ्यांना सारखं परवडत नाही. ज्याच्यामागे घर आहे त्याच्यासाठी ही चाळणी जास्त बारीक होते. यात माझं मत तसूभरही बदललेलं नाही.

बदललं ते दुसरंच मत, काम स्वतःच बोलतं हे. मी मुलाखती घेणाऱ्या पॅनेलवर बसायला लागले तेव्हा त्याला पहिला तडा गेला.

बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं, पण मुलाखत संपल्यावर पॅनेलवरच्या प्रत्येकाला एक फॉर्म भरावा लागतो. ‘घ्यावं’ की ‘घेऊ नये’ एवढ्यावर भागत नाही. उमेदवार काय म्हणाला, कोणता पर्याय त्याने का सोडला, कुठे अडला, अडल्यावर काय केलं, हे त्याच्या बोलण्यातल्या पुराव्यासह लिहावं लागतं. नंतरच्या बैठकीत ज्यांनी त्याला पाहिलेलंही नाही असे लोक तो कागद वाचून निर्णय घेतात. एकदा माझ्यासमोर पेमेंट्सच्या क्षेत्रात बराच काळ काम केलेला एक गृहस्थ बसला होता. शांत आणि सभ्य. त्याने जी सिस्टीम सांभाळली होती ती किती अवघड असते हे मला माझ्या कामामुळे माहीत होतं. तो चांगला इंजिनीअर आहे याबद्दल मला शंका नव्हती. मी विचारलं, “पैसे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून तुम्ही काय केलं होतं?” तो म्हणाला, “प्रत्येक व्यवहाराला युनिक आयडी होता, मॅडम. टीमने तसं डिझाइन केलं होतं.” मी विचारलं, “तो आयडी कोण तयार करत होतं, ॲप की सर्व्हर? आणि असंच का ठरलं?” तो थोडा थांबला. म्हणाला, “तसंच होतं पहिल्यापासून.”

फॉर्म भरायला बसले तेव्हा पुराव्याच्या रकान्यात लिहायला माझ्याकडे काहीच नव्हतं. माझी खात्री हा पुरावा नव्हे. तो माणूस नाकारला गेला, जागा दुसऱ्याला मिळाली.

त्याला माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. त्याच्या हातून ते काम झालं होतं; ते शब्दांत आणायची वेळ मात्र त्याच्यावर कधी आली नव्हती. घरी आल्यावर मी माझ्याच एका जुन्या प्रोजेक्टबद्दल लिहून पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं की काय ठरलं ते आठवतं, पण काय काय नाकारलं ते पुसून जातं. काम संपलं की त्याभोवतीची अनिश्चितता नाहीशी होते आणि मागे वळून पाहताना सगळं आधीपासून तसंच असणार होतं असं वाटतं. सीनियर माणसाची किंमत नेमकी त्या अनिश्चिततेत असते. इतर वाटा समोर असताना त्याने ही वाट का घेतली आणि तिची काय किंमत मोजली, हेच तर मुलाखतीत विचारतात. ते आपोआप आठवत नाही. बसून, जुन्या सहकाऱ्यांना फोन करून, परत जुळवावं लागतं.

पेमेंट्सचंच उदाहरण पुढे नेते, कारण ते मला जवळचं आहे. ग्राहकाने पैसे पाठवले, त्याच्या खात्यातून रक्कम गेली, पण बँकेचं उत्तर वाटेत हरवलं. आपल्या सर्व्हरवर टाइमआउट आला. आता पुन्हा विनंती पाठवायची की आधीच्या विनंतीचं काय झालं ते विचारायचं? पुन्हा पाठवली आणि बँकेला ती नवी वाटली, तर पैसे दोनदा जातील. म्हणून आयडी ॲपमध्येच, बटण दाबल्याक्षणी तयार करायचा. नेटवर्क गेलं, ॲप बंद पडून पुन्हा उघडलं, तरी तोच आयडी जायला हवा. सर्व्हरने बँकेकडे जाण्याआधी तो डेटाबेसमध्ये नोंदवायचा आणि तिथे दुहेरी नोंद होऊ द्यायची नाही. आणि उत्तर आलं नाही तर व्यवहाराला ‘अयशस्वी’ म्हणायचं नाही, ‘अनिर्णीत’ म्हणायचं. मी पाहिलेल्या निम्म्या डिझाइनमध्ये ही तिसरी अवस्थाच नसते. पुढे रात्री बँकेच्या नोंदी आणि आपल्या नोंदी ताडून पाहायच्या. त्यालाही मुदत आहे: रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने खात्यातून खात्यात पाठवलेले पैसे समोरच्याला जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत करावे लागतात, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे ताळमेळाचं काम कधी चालवायचं हा प्रश्न इंजिनीअरच्या सोयीचा उरत नाही. हे सगळं त्या दिवशी समोर बसलेल्या माणसाने प्रत्यक्ष जगलेलं होतं. त्यातलं एखादं वाक्य जरी बोलला असता, तरी माझा रकाना भरला असता.

आकड्यांचंही तसंच. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयने महिन्याला १००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला तर सरासरी सेकंदाला ३,७०० च्या वर व्यवहार येतात. पण सरासरीवर सर्व्हर बांधत नाहीत. पगाराच्या दिवशी संध्याकाळी काय होतं त्यावर बांधतात. असा हिशेब कागदावर मांडता येणं ही पाठांतराची गोष्ट नाही, पण सवयीची नक्कीच आहे. आपल्या स्वतःच्या सिस्टीमवर सेकंदाला किती विनंत्या येतात, डेटाबेस किती मोठा आहे, सगळ्यात हळू चालणारी क्वेरी कोणती, हे मुलाखतीच्या आधी पाहून ठेवायला एक संध्याकाळ पुरते. मी आता तेवढं तरी करायला सगळ्यांना सांगते.

गप्पांवरचा माझा विश्वास मात्र संशोधनाने घालवला. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये कर्मचारी निवडीवरच्या ८५ वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. सगळ्यांना ठरावीक प्रश्न विचारून, ठरावीक निकषांवर गुण दिलेल्या मुलाखती मोकळ्या मुलाखतींपेक्षा पुढच्या कामाचा अंदाज जास्त चांगला देतात, असं त्यांना दिसलं. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते आकडे नव्या पद्धतीने तपासले. बरेच आकडे खाली आले, तरी आखीव मुलाखत निवडीच्या सगळ्या साधनांमध्ये सर्वांत वर राहिली. हे वाचून मी अस्वस्थ झाले. गप्पांमध्ये मला ‘जाणकार’ वाटलेले लोक माझ्यासारखं बोलणारे, माझ्यासारखीच पुस्तकं वाचलेले, बहुतेकदा माझ्याच शहरातले होते. लातूरच्या कॉलेजातून आलेला, इंग्रजीत अडखळणारा, पण डेटाबेसच्या पोटात शिरलेला मुलगा गप्पांमध्ये हरतो. आखीव प्रश्नांमध्ये त्याला निदान तीच संधी मिळते जी इतरांना मिळते. आणि प्रश्न आखीव असतील तर तयारी करणं ही लबाडी ठरत नाही, तो उमेदवाराचा हक्क ठरतो. इथे माझं जुनं मत पूर्ण पालटलं.

अपयशाबद्दलच्या प्रश्नाला बहुतेक सीनियर बिचकतात. त्यांना मी गिटलॅब या कंपनीने तिच्याकडे ३१ जानेवारी २०१७ ला घडलेल्या घटनेवर स्वतःच प्रसिद्ध केलेला अहवाल वाचायला देते. रात्री उशिरा, थकलेल्या अवस्थेत एका इंजिनीअरने चुकून मुख्य डेटाबेसच्या सर्व्हरवरच डेटा काढून टाकण्याची कमांड चालवली. जवळजवळ ३०० जीबी गेला. मग कळलं की रोजचे बॅकअप बऱ्याच काळापासून होतच नव्हते, आणि ते होत नाहीत हे कळवणारे ईमेलही पोचत नव्हते. शेवटी सुमारे सहा तास जुन्या एका प्रतीवरून सिस्टीम उभी राहिली; ती प्रतही दुसऱ्याच कामासाठी काढलेली होती. अहवालात त्या इंजिनीअरला कुठेही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलेलं नाही. काय दिसत होतं, काय दिसत नव्हतं, म्हणून काय केलं आणि आता काय बदललं, एवढंच सरळ सांगितलं आहे. आपल्या हातून बिघडलेल्या गोष्टीबद्दल असं बोलता येणारा माणूस मला टीममध्ये हवा असतो, आणि असं बोलणं ऐनवेळी सुचत नाही.

मग तयारी कधी करायची? नोटीस पिरियडमध्ये तर उशीर झालेला असतो. लॅपटॉप परत दिला की जुने कागद, आलेख, चर्चा, सगळं मागे राहतं. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये एक साधी पद्धत सुचवली होती: प्रत्येक मोठ्या निर्णयावर पानभर टिपण, त्यात परिस्थिती काय होती, काय ठरलं, त्याचे परिणाम काय. टीमसाठी ती उपयोगी आहेच. मी त्याच्या जोडीला स्वतःची वहीही ठेवते. कोड, ग्राहकांची नावं, कंपनीचं गुपित असं काही तिच्यात नसतं. असतात ते नाकारलेले पर्याय आणि तेव्हाची माझी शंका.

आमच्या पॅनेलवर आता मी आग्रह धरला आहे की सीनियर उमेदवाराला विषयांची यादी आधी पाठवावी: एक मोठा निर्णय, एक बिघाड, एक मतभेद, आणि त्याने स्वतः चालवलेली एक सिस्टीम. एका सहकाऱ्याची यावर हरकत आहे की लोक उत्तरं पाठ करून येतील. येऊ देत. मी त्यांना विचारेन की ट्रॅफिक दहापट झालं असतं तर यातलं आधी काय मोडलं असतं, आणि तेव्हा तुम्ही कोणाला उठवलं असतं.