एक तारीख, दोन दिवस

शेक्सपिअर आणि सर्व्हांतेस १६१६ साली एकाच दिवशी, २३ एप्रिलला निवर्तले, असे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. वास्तविक इंग्लंडात तेव्हा जुनी ज्युलियन कालगणना चालू होती. स्पेनने १५८२ मध्येच ग्रेगोरियन स्वीकारली होती. म्हणजे तारीख एकच, पण दोहोंत दहा दिवसांचे अंतर! शिवाय सर्व्हांतेस २२ लाच वारला, २३ ही दफनाची तारीख, असे अभ्यासक मानतात. तरीही युनेस्कोने १९९५ साली हाच दिवस जागतिक ग्रंथदिन म्हणून ठरवला.

अशाच एका ग्रंथदिनी भाषणे आटोपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आज पंडिता रमाबाईंचाही जन्मदिवस ना?"

आम्ही निरुत्तर झालो. २३ एप्रिल १८५८. 'स्त्रीधर्मनीति' लिहिणाऱ्या, हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणणाऱ्या या विदुषीचे स्मरण मराठीच्याच प्राध्यापकांना होऊ नये? नसलेला योगायोग आम्ही भक्तिभावाने जपला आणि घरचा जन्मदिवस विसरलो.

तेव्हापासून त्या दिवशी फळ्यावर पहिले नाव रमाबाईंचे असते. शेक्सपिअरला काय, दहा दिवस थांबता येते.