अब्बांचा ताळा

आमच्या घरचा कॉम्प्युटर अब्बांनी निवृत्तीनंतर, 2012 साली घेतला. गणिताचे शिक्षक, आयुष्यभर फळ्यावर खडूने लिहिलं आणि साठीनंतर इनपेजवर उर्दू टायपिंग शिकले. ते गेले तेव्हा डी ड्राइव्हमध्ये त्यांच्या आठवणींची अकरा प्रकरणं होती. कधीतरी छापू म्हणून मी ती तशीच ठेवली. दुसरी प्रत काढली नाही. वर्गात मुलांना 'आजचं काम आजच करा' सांगणारी मीच.

विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला हे जुनं मशीन चालत नव्हतं. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत लिनक्स टाकायचं ठरलं. इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने मोबाइलच्या नेटवर फाइल उतरवली आणि पेनड्राइव्ह तयार केला. सी ड्राइव्ह पुसायचा, डी ला हात लावायचा नाही, हे मी तीनदा तपासलं. निम्म्यावर येऊन काम थांबलं. पडद्यावर इनपुट-आउटपुट एरर, आणि खाली सल्ला: हार्ड डिस्क जुनी झाली आहे का बघा, किंवा कॉम्प्युटर थंड जागी हलवा. मे महिन्यातल्या सोलापुरात थंड जागा कुठून आणायची?

विंडोज गेलं होतं, लिनक्स आलं नव्हतं. दुकानदार फोनवर म्हणाला, "हार्ड डिस्क गेली मॅडम. नवीन टाकू. जुन्यातलं काही निघेल याची गॅरंटी नाही." अम्मी शेजारीच बसली होती. तिने विचारलं, "अब्बांचं लिहिलेलं आहे ना?" मी "हो" म्हटलं खरं, पण तिच्याकडे बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे उपाय एकदम केले. रॅम काढून खोडरबरने पुसली, पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टला लावला, तो पुन्हा नव्याने तयार केला. तरीही काम तिथेच थांबलं. उत्तर चुकलं की दिसेल तो आकडा खोडणाऱ्या मुलासारखी माझी गत झाली होती. अशा मुलाला अब्बा म्हणायचे, "बेटा, पहले ताळा करून बघ."

ताळा म्हणजे नऊचा. 23 गुणिले 14 बरोबर 322. 23 च्या अंकांची बेरीज 5, 14 चीही 5. पाच पंचे 25, म्हणजे 7. उत्तराचे अंक 3, 2, 2, त्यांची बेरीजही 7. ताळा जुळला. नाही जुळला तर कुठेतरी चूक आहे हे नक्की.

मग क्रमाने गेलो. आधी जे जपायचं ते. लिनक्स इन्स्टॉल न करताही पेनड्राइव्हवरून चालू होतं. तसं चालू केलं, डी ड्राइव्ह उघडला. अकराही फाइली जागेवर होत्या. त्या बाहेरच्या डिस्कवर घेतल्या. मग अम्मीला हाक मारली.

आता ताळा. लिनक्सची फाइल जिथून उतरवतात तिथेच तिच्यासोबत 64 अक्षरांची एक ओळ दिलेली असते. आपल्या फाइलवरून तीच ओळ काढून ताडून बघायची. फाइलमध्ये एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं, तरी ओळ पूर्ण बदलते. नऊचा ताळा अंकांची अदलाबदल झाली तर फसतो; हा तसा फसत नाही. भाच्याच्या लॅपटॉपवर ओळ काढली. पहिल्याच अक्षराला फरक. फाइल उतरतानाच कुठेतरी बिघडली होती, आणि पेनड्राइव्ह पुन्हा तयार करताना आम्ही तीच बिघडलेली फाइल त्यात भरली होती. हार्ड डिस्क ठणठणीत होती.

फाइल नव्याने उतरवली. ओळ जुळली. अर्ध्या तासात लिनक्स बसलं.

एक काम मात्र उरलंय. इनपेजच्या जुन्या फाइली युनिकोडमध्ये नाहीत, त्यामुळे लिनक्सवर त्या थेट वाचता येत नाहीत. शाळेच्या कॉम्प्युटरवर एकेक प्रकरण उघडून मी ते युनिकोडमध्ये आणते आहे. चार झाली, सात बाकी. तुमच्या घरातही कुणा बुजुर्गांचं इनपेजमधलं लिखाण पडून असेल तर आजच त्याची दुसरी प्रत काढा. आणि ती प्रत उघडते का, तेही बघा.