साधेपणाचा पदर

मानोऱ्याच्या बसस्थानकावर कोणी 'साधी गाडी आहे का?' असे विचारले, की त्याला स्वस्त, थांब्याथांब्यावर थांबणारी गाडी हवी आहे, हे आम्ही ओळखतो. न्यायालयात सक्तमजुरीहून हलकी ती साधी कैद. रुसलेला पाहुणा म्हणतो, 'साधे पाणीही विचारले नाही!' जेथे काही उणे, तेथे हा शब्द. फारसी 'सादा'शी त्याचे नाते सांगितले जाते. आमच्या कानाला मात्र त्यात 'साधू' ऐकू येतो, आणि स्वतःला साधा म्हणवणाऱ्याची इच्छाही बहुधा तीच असते.

मत्तयच्या शुभवर्तमानात डोळ्याविषयी जे वचन आहे, तेथील मूळ ग्रीक विशेषणाचा एक अर्थ 'एकपदरी' असा होतो. खाली दुसरे अस्तर नाही, असा. हा अर्थ आम्हाला फार पटला.

आमच्याच तालुक्यात पोहरादेवी आहे. रामनवमीच्या यात्रेत वृद्ध बंजारा स्त्रिया दिसतात. घागऱ्यावर आरसे, कवड्या, रंगीत टाके. त्यांना साधे म्हणावे काय? आम्ही म्हणू. त्यांतील कित्येकींनी याच पोशाखात शेतात निंदणही केले आहे.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा हे याचे दुसरे टोक. अंगावर चिंध्या, हाती खापर आणि खराटा. आधी गाव झाडायचे, मग रात्री कीर्तन. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. अक्षरओळख नसलेला हा पुरुष भोळा मुळीच नव्हता. प्रश्नामागून प्रश्न टाकून तो श्रोत्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घेई. कर्ज काढून लग्न करू नका, हे तर त्यांनी जन्मभर सांगितले.

हे सारे मनात येण्यास कारण घरचेच आहे. नाताळानंतर आमच्या कन्येस एक स्थळ आले. मुलाचे वडील म्हणाले, 'आम्ही साधी माणसं. आम्हाला काही नको. मुलीच्या अंगावर काय घालायचं ते तुमचं तुम्ही बघा.' चहा झाल्यावर मामांनी भर घातली, 'जेवण तेवढं चांगलं असावं. आमची माणसं दोनशेच.' निघता निघता मोटारसायकलचा विषय निघाला, तोही हसत हसत.

आमची चार एकर कोरडवाहू. आम्ही एवढेच म्हणालो, 'आपल्याला काय हवं ते आजच सांगा. झेपेल त्याला हो म्हणू, न झेपेल त्याला नाही.' बैठकीत कोणी बोलेना. कोपऱ्यात जपमाळ ओढीत बसलेली मुलाची आजी तेवढी म्हणाली, 'बरोबर आहे त्यांचं. बोला ना आता!'

ते अद्याप बोललेले नाहीत. ईस्टरनंतर कळवतो, असा निरोप आहे. कन्येने दरम्यान बी.एड.च्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरून टाकला.